देवीनं सांगितलेला दवाखाना

दारू सोडणं सोपं असतं, असं आमच्या मंठ्याकडच्या गावात सगळ्यांना वाटतं. ज्यांनी कधी घोटभरही घेतली नाही त्यांना तर फारच. माझ्या नवऱ्याच्या दारूबद्दल अख्ख्या गावाला माझ्यापेक्षा जास्त कळायचं आणि गावापेक्षा जास्त माझ्या थोरल्या दिरांना. त्यांना शेती, कोर्टकचेरी, सोयरिकी, सगळंच कळतं. न कळणारी गोष्ट त्यांना आयुष्यात अजून भेटलेली नाही.

नवरा तेव्हा सकाळी तोंड धुवायच्या आधी प्यायचा. घटस्थापनेला दिरांनी त्याला देवघरापुढं उभं केलं, बेलभंडार उचलायला लावला आणि शपथ घ्यायला लावली की आजपासून थेंबही नाही. त्यासाठी गावातली मोठी माणसं बोलावली होती, कारण बघणारं कुणी नसलं तर दिरांचं पुण्य वाया जातं. पेढे वाटले. नवरा बिचारा खरंच मनापासून बोलला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला मात्र डॉक्टर आठवले. आदल्या वर्षी त्याला कावीळ झाली होती, तेव्हा मंठ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करायची नाही, त्यात जीव जातो. आधी दवाखान्यात भरती करा, औषधं देऊन सोडवू. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी दिरांना सांगितलं. दिरांचं उत्तर त्याच वाटेनं परत आलं, की डॉक्टरचा तो धंदाच आहे, दारू पिऊन माणूस मरतो, सोडून कुणी मरत नाही. हे वाक्य ऐकायला इतकं बरोबर वाटतं की आजही आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

संध्याकाळी त्याचे हात थरथरायला लागले. बशीतला चहा तोंडापर्यंत पोचेना. सासूबाई म्हणाल्या, विष बाहेर पडतंय. दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या, अंथरूण घामानं भिजलं, डोळ्याला डोळा नाही. दुपारी झटका आला. अंग लाकडासारखं ताठ, तोंडाला फेस. लगेच त्याच्या नाकाला चप्पल लावली. आधी सासूबाईंची, मग शेजाऱ्याची, शेवटी दिरांची चामड्याची वहाण, कारण घरात सगळ्यात उग्र वास तिचाच. झटका जसा आपोआप थांबतो तसा थांबला, आणि श्रेय वहाणेला मिळालं. दीर ती जपून ठेवायला लागले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा दाराआडून थेट दिरांशी बोलले. म्हटलं, गाडी काढा, जालन्याला नेऊ. ते माझ्याकडं न बघता भिंतीला म्हणाले की घट बसलेत, नऊ दिवस घरातल्या माणसानं शीव ओलांडायची नसते. शिवाय लोकांनी पेढे खाल्लेत, लोक काय म्हणतील. पेढे परत येणार नव्हते, हे खरं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळची आरती चालू असताना तो भिंतीला टेकून बसला होता. सगळं अंग कापत होतं. बोटांवरच्या मुंग्या झाडत होता. मुंग्या कुठंच नव्हत्या. मेलेल्या वडिलांशी बोलत होता. मला त्यानं जालन्याच्या गाडीची वेळ विचारली, मी स्टँडवरची कुणी बाई असल्यासारखी. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी हात जोडून म्हणाली की अंगात आलंय. झालं! कुणी त्याच्या कपाळावर कुंकू फासलं, कुणी लिंबू ठेवलं, आणि बघता बघता प्रश्न विचारायला माणसं येऊन बसली.

माझं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. अंगात आलेल्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्या घुमतात, हुंकार देतात, सुनांना दम देतात. मुंग्या झाडत नाहीत. पण मला कोण विचारतो?

दिरांनी पुढं सरकून विचारलं, बोअर कुठं घ्यावं? नवऱ्यानं थरथरतं बोट गोठ्याकडं केलं. गोठ्यातल्या गव्हाणीखाली त्याची बाटली लपवलेली असायची, हे मला ठाऊक होतं. दिरांनी पुढं खरंच गोठ्यामागं बोअर घेतलं. धुरळा निघाला, नुसता धुरळा.

पण त्या सकाळी मला हसू येत नव्हतं. मी त्याच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. छाती धाडधाड उडत होती. जीभ अडखळत होती. मला भीती वाटली, साधी, सरळ भीती. हा माणूस आज मरणार, आणि ही मंडळी त्याच्या तेराव्यालाही देवीची इच्छा म्हणत बुंदी वाढून घेणार.

मी अंबाड्याचे आकडे काढले. केस मोकळे सोडले. लग्नापासून दिरांपुढं डोक्यावरून न ढळलेला पदर खाली पडू दिला, आणि माहेरी शिकलेला हुंकार दिला. खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. दिरांना मी आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

"काय करून राह्यला रे तू? माझं लेकरू माझ्याच घटापुढं मारून राह्यला?"

दिरांनी झटक्यात माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, चुकलं. सांग, काय करावं?"

"गाडी काढ. जल्दी. जालन्याला मोठ्या दवाखान्यात ने."

"पण आई, घट बसलेत. शीव कशी ओलांडावी?"

"घट माझा हाय का तुझा?"

दीर उठून गाडीकडं पळाले. देवीला दवाखाना कसा माहीत, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. गाडी दारात आली. जालन्यापर्यंत दीर मागं वळून मला नमस्कार करत होते आणि मी केस तसेच ठेवून घुमत होते, कारण मधेच थांबले असते तर त्यांनी गाडी वळवली असती.

दवाखान्यात सुया लावल्या, सलाईन लावलं, त्याला झोपेची औषधं दिली. डॉक्टरांनी सांगितलं की अजून उशीर झाला असता तर हाती लागला नसता. तुम्हाला वेळेवर आणायचं कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा दीर हात जोडून म्हणाले, देवीनं. डॉक्टरांनी माझ्या कपाळावरच्या पसरलेल्या कुंकवाकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

नवरा वाचला. आजवर तरी पीत नाही. पुढचे कित्येक महिने तो चिडचिडा झाला होता, झोप लागायची नाही, चहात चार चमचे साखर लागायची. त्याबद्दल कुणी पेढे वाटले नाहीत. गावात आजही सांगतात की दिरांनी शपथ दिली म्हणून सुटली.

यंदा घटाच्या आदल्या दिवशी मागच्या आळीतली एक सून आली. तिच्या नवऱ्यालाही सासरे उद्या शपथ देणार होते. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, हात कापतात, झोप जाते, झटका येऊ शकतो, नसलेलं दिसायला लागतं, म्हणून आधी दवाखाना, मग शपथ. तिनं नीट ऐकून घेतलं.

"हे मला समदं पटतंय, ताई," ती म्हणाली. "पण मी सांगितलं तर कोण ऐकंल? मला ते घुमायचं शिकवा."

मी दार लावून घेतलं आणि तिच्या अंबाड्याचे आकडे काढायला लागले.