अक्काचं 'व्हय'

अक्का संगणकाशी भांडायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी ऑफिसात शिरलो तेव्हा एक बाई पडद्याकडं बोट रोखून म्हणत होती, "आरं, खोटं कामून बोलायलास? हे काम तू कवाच सोडलास की." मी दारातच थिजलो. मला वाटलं, कुणाला तरी कामावरून काढताहेत.

बीदरमध्ये बिदरी भांड्यांच्या एका दुकानावरच्या माडीत आमचं लहानसं ऑफिस होतं. परदेशातल्या एका कंपनीची लायब्ररी आम्ही सांभाळायचो. पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फायली एका गाठोड्यात बांधून दुसऱ्याच्या संगणकावर नीट सोडणारा तो कोड होता. अशा कोडमध्ये जागोजागी 'हा भाग काय करतो' ते इंग्रजीत लिहून ठेवतात. कोड बदलत गेला आणि लिहिलेलं तसंच राहिलं. ते सगळं वाचून खोटं काढायचं आणि खरं लिहायचं, हे काम अक्काकडं होतं. दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं. अक्का मात्र भालकी तालुक्यातल्या मेहकरहून रोज बसनं यायची आणि पर्स खुंटीला अडकवायच्या आधी कामाला भिडायची.

नाव शकुंतला, पण मालकांपासून सगळे तिला अक्काच म्हणत. "कोड चुकला तर मशीन बोंबलतंय," ती म्हणायची. "लिवलेलं चुकलं तर कोन बोंबलणार?" तिनं घासूनपुसून लिहिलेली वाक्यं वाचूनच मी ती लायब्ररी शिकलो.

लायब्ररी मुळात लिहिली होती अण्णांनी. ते बसवकल्याणचे. याच माडीत बसून त्यांनी ती लिहिली, आणि मग त्याच कंपनीत परदेशी गेले ते तिकडचेच झाले. त्या लायब्ररीच्या एका भागापाशी अक्का अडली. नवं गाठोडं सोडताना गिऱ्हाइकानं स्वतः केलेली जुनी जुळवणी, म्हणजे सेटिंग, पुसली जाते की राहते, हे कळेना. तो भाग चालवून बघायची यंत्रं आमच्याकडं नव्हती. तिनं अण्णांना फोन लावला.

"अण्णा, हे जुनं पुसत न्हाई न्हवं?"

"व्हय," अण्णा म्हणाले. अक्कानं लिहून टाकलं, जुनी जुळवणी पुसली जात नाही.

त्या वाक्यावर भरवसा ठेवून कंपनीनं नवं गाठोडं सोडलं, आणि तिकडच्या कितीतरी दुकानांतली बिलांची यंत्रं कोरी झाली. दुकानदार हातानं बिलं फाडत बसले. मालक कंपनीचा निरोप सांगायला माडीत आले. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला काढून टाका, असं कंपनीचं म्हणणं होतं. अक्का खाली बसली ती बसलीच. दुसऱ्यांच्या खोट्या ओळी धुणाऱ्या बाईच्या हातून खोटी ओळ गेली, हे तिलाही खरं वाटेना आणि आम्हालाही.

मालकांनी अण्णांचा फोन स्पीकरवर टाकला.

"अण्णा, तुमी व्हय म्हणलाव," अक्का म्हणाली. "व्हय पुसत न्हाई, का व्हय पुसतंय?"

आमच्याकडं कानडीतलं हौदु, दखनीतलं हौ आणि आमचं व्हय, तिन्हींचा अर्थ एकच. तू म्हणतोस ते बरोबर. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथं प्रश्न उलटा विचारा की सुलटा, गोष्ट घडत असेल तरच येस.

अण्णांनी तिला तो पहिला प्रश्न पुन्हा म्हणायला लावला. मग अण्णा म्हणाले, "अक्का, ते पुसतंय हे मला ठावं होतं. म्हंजे म्या येस म्हणलो असणार. तोंडातनं व्हय आलं, आन् आत येस होतं. माझं मलाच कळलं न्हाई की गं."

माझ्या अंगावर काटा आला. बोली तीच, आवाज तोच, आणि आतला होकार कधी बदलला याचा त्या माणसाला पत्ता नसावा!

अण्णांनी चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि अक्काची नोकरी वाचली. दुसऱ्या दिवशी तिनं आम्हा सगळ्यांना दम भरला. "आजपासनं उलटं इचारायचं न्हाई. पुसतंय का, एवढंच इचारा." पुढं तिचं काम बघून अण्णांनीच तिला तिकडं बोलावून घेतलं.

काही वर्षांनी येळवशीला, मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतातल्या सणाला, तिच्या आईनं मला मेहकरला शेतात जेवायला बोलावलं. शेंगा-भाज्यांची भज्जी आणि आंबील पुढं ठेवून माय म्हणाली, पोरगी मला धड काही सांगत नाही, तू विचार. मी तिथूनच फोन लावला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. माय माझ्या तोंडाकडं बघत समोर बसलेली. सरळ विचारायला जीभ रेटेना.

"अक्का, तू आता परत येणार न्हाईस का?"

"व्हय," अक्का म्हणाली.

माझा घास हातातच राहिला. हे आमच्यातलं व्हय, येणार न्हाई; की तिकडचं व्हय, येणार? तिनं घालून दिलेला नियम मी मोडला होता आणि तिच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. पुन्हा सरळ विचारायचा मला धीर झाला नाही. कामाची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.

"काय म्हणली रं लेकरा?" मायनं विचारलं. "येती म्हणली का?"

"व्हय म्हणली," मी म्हणालो.

मायनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या ताटात आणखी भज्जी वाढली.