पुनवेआधीची होडी

कोपरीच्या कोळीवाड्यात कुणी इंग्रजी शिकलं तर लोक मान डोलवत. सगुणा इटालियन शिकते म्हटल्यावर मात्र विहिरीपासून मीठबंदरापर्यंत चर्चेला विषय मिळाला.

सगुणा ही गोमाजी नाखव्याची एकुलती मुलगी. ठाण्याच्या कॉलेजात बी.ए. करताना एकदा तिथल्या फिल्म सोसायटीने एक जुना इटालियन चित्रपट दाखवला. त्यात एक बाई कुंपणावरून शेजारणीशी भांडत होती. कमरेवर हात, मान तिरकी, मधेच आभाळाला साक्षीला बोलावणं. सगुणाला भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण हसू आवरेना. ती तिची आई भागीरथीच होती, फक्त टोपलीतली मासळी नव्हती. दुसऱ्या दिवशी सगुणा ही भाषा कुठे शिकवतात त्याची चौकशी करत हिंडली, आणि बी.ए. झाल्यावर विद्यापीठात इटालियन भाषा-संस्कृतीच्या अभ्यासक्रमाला जाऊ लागली. जोडीला चित्रपटाचा वर्गही घेतला.

"त्या लोकान्ला बोंबील ठावं हाय का?" भागीरथीने विचारलं.

"ते मासे खातात गं आये. आपल्यापेक्षा जास्त."

"मंग शीक," भागीरथी म्हणाली. तिच्यापुरता प्रश्न सुटला.

गोमाजीचं तसं नव्हतं. तो बोलायचा कमी आणि 'बघू' या शब्दावर त्याचा संसार चालायचा. १९९६ साली विभागाने जाहीर केलं, की एका विद्यार्थ्याला वर्षभर इटलीतल्या विद्यापीठात पाठवायचं. निवडीसाठी प्रत्येकाने एक छोटी फिल्म करायची आणि तिच्यावर इटालियनमधून स्वतःचं निवेदन द्यायचं. सगुणाने घरी विचारलं, "बाबा, नाव लागलं तर जाऊ?"

"बघू," गोमाजी म्हणाला.

सगुणाने आधी निवेदन लिहून काढलं. पहाटेची खाडी, पाण्यात शिरणारी होडी, बापाने फेकलेलं जाळं. इटालियन शिकवणाऱ्या बाईंनी शाबासकी दिली आणि विभागाचा कॅमेरा एका रविवारपुरता तिच्या हवाली केला. शनिवारी संध्याकाळी तो गळ्यात अडकवून ती घरी आली. गोमाजी ओटीवर जाळं विणत बसला होता.

"बाबा, उद्या सकाळी होडी काढायची. शूटिंग आहे."

गोमाजीची सुई थांबली. "पुनव कवा हाय, बाय?"

सगुणाने मनात दिवस मोजले. नारळी पुनवेला अजून बरेच दिवस होते. खाडीत आता भर पावसाळ्यातही जाळी टाकणारे निघाले होते, पण या घराची होडी दर्याला नारळ दिल्याशिवाय पाण्यात जात नसे. लहानपणी तो नारळ मिरवणुकीत डोक्यावर घेऊन चालण्यासाठी ती हट्ट धरायची. आणि तीच महिनाभर इटालियनमध्ये होडी वल्हवत बसली होती. त्या भाषेतल्या तिच्या दर्याला पावसाळाच नव्हता.

"फिल्म येत्या आठवड्यात द्यायची आहे, बाबा."

"दर्याला सांग तसं," गोमाजी म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला.

चुलतभाऊ भिवाने कुडाआडून सगळं ऐकलं होतं. "काका सकाळी शीळफाट्याला आत्याकडे चाललाय. धा मिनटाचं काम गो. पाण्याला लावायची, फोटो काढायचा, परत वर. दर्या काय हजेरी घेतोय?"

सगुणा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

रविवारी भिवाने दोन मित्रांना घेऊन होडीवरची ताडपत्री काढली. सगुणा कॅमेरा लावून उभी राहिली. होडी घसरत घसरत चिखलापर्यंत आली. आता एक रेटा दिला की पाणी. एवढ्यात कॅमेऱ्याच्या चौकटीत भागीरथी शिरली. ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तिने फक्त सुक्या मासळीची टोपली खाली ठेवली आणि होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, तळवा टेकला. परगावी निघालेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"जाचं त जा," ती सगुणाला म्हणाली. "मी आडवी येत नाय. पन बापाला चोरून जाऊ नको."

होडीबद्दल म्हणाली की कशाबद्दल, हे सगुणाने विचारलं नाही. "भिवा, मागं ओढ," ती म्हणाली.

"अगं पण तुझी इटली?"

"ओढ रे."

त्या दिवशी तिने जे होतं ते टिपलं. ताडपत्रीखालची होडी, चिखलात उमटलेली तिच्या घसरण्याची खूण, तिथेच बसून खाडीकडे बघणारी आई, आणि संध्याकाळी परत आल्यावर ती खूण बघून पुन्हा सुईत दोरा ओवणारा बाप. निवेदन तिने नव्याने लिहिलं.

परीक्षकांपैकी एकाने विचारलं, "तुमच्या फिल्ममध्ये काहीच हलत नाही. होडी पाण्यात हवी, असं नाही वाटलं?"

"वाटलं," सगुणाने इटालियनमधूनच सांगितलं. "चिखलापर्यंत नेली होती. मग मागे घेतली." आणि का घेतली तेही सांगितलं. सांगताना लक्षात आलं, की घरी बापाला हे अजून सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी तिने तेही केलं.

"म्हाइत हाय," गोमाजी म्हणाला. "चिखलात खूण जातानाची होती तशी वर येतानाचीबी होती. होरी परत आली, ते बगितलं."

पुनव आली तरी निकाल लागला नव्हता. होडी रंगवून, पताका लावून तयार होती. गोमाजी बाजारातून आला तेव्हा पिशवीत दोन नारळ होते.

"दोन कशाला?" भागीरथीने विचारलं.

"येक होरीचा." त्याने दुसरा सगुणाच्या हातात दिला. "ह्यो तुझा. तूच सोड."

त्या वर्षी नाव दुसऱ्या मुलाचं लागलं. सगुणा दोन दिवस जेवली नाही, मग जेवली, आणि पुढच्या वर्षीसाठी पुन्हा अर्ज केला. त्याही पुनवेला गोमाजीने न विचारता दोन नारळ आणले. सगुणा विमानात बसली ती त्यानंतर, भादव्यात.