नवव्या अध्यायात अडकलेलं पारायण

सासूबाईंची नजर गेल्यापासून आमच्याकडे पोथी फोनवर लागते. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी दर मार्गशीर्षात सात दिवसांचं पारायण केलं, एकही वर्ष चुकवलं नाही. काचबिंदूने डोळे नेले तेव्हा त्या डोळ्यांसाठी रडल्या नाहीत, पारायणासाठी रडल्या. म्हणून मीच एक ॲप शोधून काढलं. त्यात कुणीतरी खणखणीत आवाजात एकवीसही अध्याय वाचून ठेवले आहेत. हे शहाणपण मला कुठून सुचलं, असं मी गेल्या मार्गशीर्षात रोज स्वतःला विचारत होते.

कारण ते मध्येच बंद पडायचं. आणि आमच्या घरचा नियम असा की अध्याय अर्धवट सुटला तर पुन्हा पहिल्या ओवीपासून. मी सकाळी डब्याच्या पोळ्या करत असायचे आणि देवघरातून हाक यायची.

"बंद पडलं वं! पयल्यापासून लाव."

हात पुसत जायचं, लावून यायचं, करपलेली पोळी बाजूला ठेवायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तीच हाक. बीबी गावाच्या पुढच्या एका खेड्यात मी शिकवते. लोणारहून साडेनऊची एसटी गेली की माझा दिवस गेला. त्या आठवड्यात ती दोनदा गेली.

शाळेत ऑनलाइन माहिती भरायचं काम माझ्याच गळ्यात, म्हणून घरातली तज्ज्ञही मीच. मंगळवारी बॅटरी सेव्हर बंद केला. दुसऱ्या दिवशी बाकीची सगळी ॲपं बंद केली. मग अध्याय डाउनलोड करून ठेवले, म्हणजे नेटवर्कचा प्रश्नच नको. नवरा नोकरीला जालन्याला. तो फोनवर म्हणाला, "नेट चेक कर." स्टँडजवळचा मोबाइलवाला म्हणाला, "मॅडम, ॲप उडवा अन् पुन्हा टाका. नाही जमलं तं फोनच बदला." बदला म्हणायला त्याच्या बापाचं काय जातं! तरी मी ॲप उडवलं आणि पुन्हा टाकलं.

शुक्रवारी वैतागून देवघरातला तोच फोन शाळेत घेऊन गेले. एसटीत कानात वायर घालून जाताना एक आणि येताना एक असे दोन अध्याय ऐकले. एकदाही बंद पडला नाही. शनिवारी देवघरात तो तीनदा बंद पडला. त्या दिवशी सासूबाई बारीक आवाजात म्हणाल्या, "या खेपी होत नाही वाटते माह्याच्यानं." पाच दिवस सरले होते, आम्ही नवव्या अध्यायातच होतो, आणि सात दिवसांत पोथी पुरी झाली नाही तर वर्षानुवर्षांचा नेम तुटणार होता.  

रविवारी शाळा नव्हती. मी नववा लावला, पावलं वाजवत स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि हळूच परत येऊन दारात उभी राहिले. नेमकं काय होतं ते एकदा बघायचंच होतं.

थोड्या वेळाने त्यांची मान खाली गेली. हातातली माळ मांडीवर घसरली. मग त्या एकदम दचकल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या. कथा कुठल्या कुठे गेली होती. त्यांनी चाचपडत फोन शोधला आणि बोट मधोमध दाबलं. कधी उठायची वेळ आली तर थांबवता यावं म्हणून ती जागा मीच त्यांचं बोट धरून शिकवली होती. आवाज थांबला. पदराने तोंड पुसून त्यांनी हाक मारली, "बंद पडलं वं!"

मला संताप आला. पाच दिवस मी फोनच्या पाठीमागे लागले होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! फाडकन बोलणारच होते, पण त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता, आणि अजून तर कुणी पकडलंही नव्हतं. मी जवळ जाऊन बसले.

"आई, झोप लागते का तुम्हाला?"

त्यांनी घसरलेली माळ चाचपून हातात घेतली. "रातभर डोळ्याले डोळा लागत नाही. अन् पोथी लागली का झोप येते. पोथीपुढं झोपणाऱ्या बाईचं पारायण कोण धरते वं?"

"मग मला सांगायचं ना."

"तुले सांगतलं असतं तं तू म्हणली असतीस, नाही होत तं राहू द्या."

मी तसंच म्हणाले असते.

"लावते पुन्हा," मी म्हटलं. "मी बसते इथंच. डुलकी लागली की हलवते."

भिंतीला टेकून मी त्यांच्या शेजारी बसले. खिडकीतून ऊन पायांवर येत होतं. त्या खणखणीत आवाजातल्या पहिल्या काही ओव्या मला आठवतात. पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा घर शांत होतं. अध्याय शेवटपर्यंत वाजून संपला होता. सासूबाईंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी हलले तशा त्या दचकून उठल्या.

"झाला का?"

"झाला."

"मी झोपली होती वं." त्यांचा हात माझा हात शोधत आला. "पण घरातल्या एकानं पुरा ऐकला का चालते. तू ऐकला ना?"

"ऐकला," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. देवापुढे बसून मी खोटं बोलले होते, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. मी दहावा लावला.