खोकून दाखवा

गागोद्याच्या सरूला शिंक आली, वाकायची वेळ आली, की लघवी आवरत नसे. धाकट्याच्या बाळंतपणापासूनचं हे दुखणं. साडीला वास येईल या धास्तीने ती चारचौघींत बसेना. कुणी विचारलं तर कंबरदुखीवर ढकलायची. शेवटी सून अपेक्षानेच ओळखलं आणि तिला पेणच्या दवाखान्यात नेलं. व्यायामाने या त्रासाला कितपत उतार पडतो, याचा अभ्यास तिथे चालू होता.

भरपूर पाणी पाजून, आतून एक कोरडं पॅड लावायला देऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता उभ्यानेच जोरात खोका."

सरूने निऱ्या घट्ट धरल्या. "मॅडम, सांडंल हो."

"सांडू द्या, मावशी. किती सांडतं तेच बघायचंय."

ती खोकली. पॅड भिजलं. नर्सने ते वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा सरूला मान वर करवेना. आता ऑपरेशनच सांगणार, असं तिने मनाशी धरलं. पण बाईंनी लघवी रोखताना आवळतात तसं अंग आवळायला आणि सैल सोडायला शिकवलं.

"यानं बरं व्हंल ना?"

"नक्की सांगू शकत नाही. तेच तर शोधतोय."

या उत्तराने तिची झोप उडाली. तरी भाकऱ्या थापताना, निवडणं करताना ती नेमाने आवळत राहिली. पुढच्या तपासणीत पॅडचं वजन आधीपेक्षा कमी भरलं, पण ते कोरडं नव्हतं.

वैशाखात भाचीच्या लग्नाला ती अपेक्षाबरोबर एसटीने रोह्याला गेली. प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखून बसली. उतरल्यावर साडी चाचपली, कोरडी होती. तरी मांडवात शिरण्याआधी तिने अपेक्षाला थांबवलं.

"मागनं बघ गो एकदा."

"नाय काय, आई. चला."