परभानं देवीला अर्धंच विचारलं

इस्पितळात शेवटच्या दिवसांत माझी बायको परभा पाण्याचा पेला आधी नाकाशी न्यायची आणि मग ओठाला लावायची. तिथल्या नर्सला वाटलं, म्हातारी औषधाला घाबरते. ती म्हणाली, "आजी, बाटलीतलं पाणी आहे, सीलबंद." परभा म्हणाली, "बाटलेत भरल्यार पाणी नवीन जाता काय गो बाय?" नर्स हसली. मला हसू आलं नाही, कारण हा वास घेणं कुठून आलं ते मला ठाऊक होतं. मग परभा माझ्याकडे वळून म्हणाली, "घराकडे पावस आसा?" मी म्हटलं, आहे, जोराचा आहे. तिनं भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे न्यायला घरी आलो होतो. पोदेर, म्हणजे पाववाला, दारात पाव मोजून देत होता, तेवढ्यात इस्पितळातून मुलाचा फोन आला. पोदेर सायकल धरून थांबला, त्याला माझ्या तोंडावरून कळलं असावं. पाव तसेच ओट्यावर ठेवून तो गेला. त्या दिवशी त्यानं पुढे भोंगा वाजवला नाही.

तिला जाऊन महिना होऊन गेला. पेपरच्या पुरवणीवाले म्हणाले, तिच्यावर लिहा. मी म्हटलं, मी चौथीपर्यंत शिकलेला, जन्मभर खाणीचा ट्रक हाकलेला माणूस, मला गोड लिहिता येत नाही. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. म्हणून लिहितोय. गोड काही नाही यात, आधीच सांगतो.

मी सावंतवाडीकडचा. ती पेडण्यातल्या तुयेची, तिथे कारखाने यायच्या आधीची. लग्नानंतर आम्ही डिचोलीकडच्या ह्या लहान शहरात राहिलो, शहर म्हणायचं कारण इथे नगरपालिका आहे. मी ट्रकवर, आणि परभा बाजारात भाजी विकायची. सर्वणच्या शेतकऱ्यांकडून तांबडी भाजी, मुळे, वाल आणायची आणि फळीवर मांडून बसायची. तिच्या पाठीमागेच गावाचा कचरा पडायचा. माश्या, कुत्री, आणि पावसात तर भाजीवरून वाहणारं ते काळं पाणी... गिऱ्हाईक नाक धरून भाव करायचं. ती पालिकेत जाऊन भांडायची. कारकून तिला लांबून बघितलं की जेवायला जायचा.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून काही वर्षं झाली होती. मराठी का कोंकणी, ते भिंतींवर लिहिलेलं अजून पुसलं नव्हतं. पालिकेच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि पक्षाची माणसं घरी आली. आली ती माझ्याकडे. "भाऊ, तुमची बायल उभी करूया. सही करूक येता मां तिका?" परभा आतून ओरडली, "सही येता, वाचूकय येता. उभी रवतलंय, पण बाजारातलो कचरो हालूक होयो." प्रचारात एकानं तिला भर बाजारात अडवलं, "परभाबाय, तू मराठीची काय कोंकणीची?" ती म्हणाली, "कचऱ्याक भास नसता रे. तुका घाण येता मां? मग मत दी." बाजार हसला आणि तिला निवडून दिलं.

कचरा हलवायचं ठरलं, पण नेणार कुठे? नदीकाठची जागा म्हटली की कुणीतरी मोठा माणूस आडवा यायचा. शेवटी राहिला सडा, म्हणजे वस्तीमागचं कातळाचं पठार. त्याच्या पायथ्याशी आमची झर. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या तरी ही झर वाहायची, सगळा वाडा तिचंच पाणी प्यायचा. इंजिनीयर म्हणाला, खड्डा खणू, खाली चिकणमातीचा थर देऊ, थेंब उतरणार नाही. बैठकीत अर्धे हात इकडे, अर्धे तिकडे, आणि अडलं परभाच्या हातावर. तिनं एक दिवस मागून घेतला आणि सातेरीच्या देवळात कौल लावायला गेली. आमच्याकडे घर बांधायचं, सोयरीक करायची, काहीही असो, देवीला विचारूनच. गुरवानं मूर्तीला पाण्यानं पाकळ्या चिकटवल्या आणि तिच्या वतीनं गाऱ्हाणं घातलं, "बाजारातलो कचरो हालवचो काय, माये?" उजवी पाकळी लगेच खाली आली. उजवी म्हणजे होय. परभा घरी आली ती नवरीसारखी. "देवीन दिलां गो," शेजारच्या सुनंदेला तिनं कुंपणावरूनच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं हात वर केला आणि कचरा सड्यावर गेला.

बाजार निवळला. बायकांनी तिला हार घातला, तो तिनं फळीच्या खांबाला टांगून ठेवला होता, पार वाळेपर्यंत. तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण सड्यावर घारी फिरायला लागल्या. आधी दोन-चार, मग आभाळ काळं व्हायचं. एका पावसाळ्यानंतर झरीच्या पाण्यावर तेलासारखा पापुद्रा दिसला. बायकांनी तो हातानं बाजूला केला आणि कळश्या भरल्या, कुणाला काय वाटलं नाही. मग धुतलेल्या कपड्यांना वास यायला लागला. मग झरीच्या खडकाच्या फटीत राहणाऱ्या मासोळ्या एका सकाळी पोट वर करून तरंगत होत्या. लहान असताना आमच्या मुलानं त्यांना शितं घातलेली. परभा तिथेच होती, कळशी घेऊन. सुनंदा तिला म्हणाली, "बाजार निवळ केलंस परभा, आनी आमची झर दिलंस." माझी बायको कुणालाही उत्तर देणारी. त्या दिवशी ती रिकामी कळशी घेऊन घरी आली.

दुपारी ती गुरवाकडे गेली, मीही मागून गेलो. म्हणाली, "देवीन माका फसयलां." गुरव समई घासत होता. त्यानं मान वर केली नाही. "बाय, कचरो हालवचो काय, इतक्यांच तू इचारलंस. खंय व्हरचो, तां इचारूक नाय. इचारलेल्याचीच पाकळी पडता." ती म्हणाली, मग आता विचार. तो म्हणाला, "आता काय इचारतलंस? कचरो वयर गेलो." परत येताना वाटेत ती एकदाच बोलली, "मी देवीक अर्धांच इचारलंय." पुढे जन्मभर हे वाक्य ती चुलीपुढे बोलायची, भाजी निवडताना बोलायची, मला सांगते आहे असंही नाही.

पालिकेच्या बैठकीत तिनं मागणी केली, कचरा सड्यावरून काढा. तेव्हाचा नगराध्यक्ष म्हणाला, "बाय, हात तुझोच वर गेल्लो. आता खंय व्हरूया? तुझ्या परड्यात?" सगळे हसले. परभा म्हणाली, "व्हरा. आजच हाडून ओता." हसणं थांबलं. मग कुणीतरी बसस्टँडच्या बाकांना कुठला रंग द्यायचा ते काढलं आणि त्यावर जेवायच्या वेळेपर्यंत बोलणं चाललं. पुढच्या खेपेला वॉर्ड राखीव राहिला नाही, आणि पक्षाची माणसं आमच्या दारावरून सरळ पुढे गेली.

पालिकेनं मग एवढंच केलं. झरीवर बोर्ड लावला, हे पाणी पिऊ नये. ज्यांच्या दाराला घर नंबर होता त्यांना नळ दिला. पण आमच्या मागे भाड्याच्या खोल्या झाल्या होत्या. कोल्हापूर, बेळगावकडची माणसं, बांधकामावर येणारी. त्या खोल्यांना नंबर नाही, म्हणून नळ नाही. ती माणसं झरीवरच यायची. बोर्ड कुणाकुणाला वाचता यायचा नाही, कुणी वाचूनही भरायचं. तेव्हापासून परभा सकाळी झरीच्या पायऱ्यांजवळ दगडावर बसायला लागली. मांडीवर भाजीची टोपली, हात निवडण्यात, आणि डोळे पायऱ्यांवर. कुणी कळशी घेऊन आलं की सांगायची, "ह्यां नको. माझ्या दारात नळ आसा, थंय चल." मी चिडायचो, बिल कोण भरणार म्हणून नाही, तर पावसात, थंडीत बसते म्हणून. मी म्हटलं, "तू काय झरीची राखणदार?" ती म्हणाली, "राखणदार जागो राखता. मी घालवलंय."

म्हातारपणी तिला काविळीनं धरलं, ती पुरती सुटलीच नाही. पोट फुगलं, पाय सुजले. फोंड्याच्या डॉक्टरकडे नेलं, मग पणजीला. तिनं मोठ्या डॉक्टरला सरळ विचारलं, झरीच्या पाण्यानं झालं का? तो म्हणाला, तसं सांगता येत नाही. तो शहाणा माणूस, सांगता येत नाही म्हणाला, तर मीही सांगत नाही. पण सुनंदाही अशीच गेली, परभाच्या आधी, हे मला माहीत आहे. तिच्या मयताला परभा अंगणाबाहेर उभी राहिली होती, आत गेली नाही.

बारावं झाल्यावर आताचा नगराध्यक्ष घरी आला, फळं घेऊन. पोरगा चांगला आहे, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "काका, सड्यावरचा कचरा आता बंद केलाय. वर माती टाकली, हिरवळ लावतोय, बाकं ठेवणार. बागेला आजींचं नाव द्यायचं आम्ही ठरवलंय. तुम्ही फक्त हो म्हणा." मी विचारलं, "मातीखालच्याचं काय?" तो म्हणाला, "ते आता दिसत नाही ना, काका." मी सड्यावर जाऊन आलो होतो. लावलेली रोपं वाळली होती, पुन्हा लावलेलीही वाळली होती. भर पावसात मातीच्या भेगांतून धूर येत होता, आग कुठे दिसत नव्हती. मी त्याला म्हटलं, "नाव नको. तिचं नाव त्याच्यावर घातलंत तर मी येऊन उपटीन. तुला तिच्यासाठी करायचंच असेल तर खोल्यांना नळ दे." तो म्हणाला, नियमात बसत नाही, बघू. जाता जाता म्हणाला, झरही सुंदर करतोय, उद्घाटनाआधी.

आणि केली. पायऱ्यांना लाद्या बसवल्या, कठड्याला निळा रंग दिला. जुना गंजका बोर्ड शोभत नव्हता म्हणून काढून टाकला. नवीन लावलाच नाही.

म्हणून हल्ली सकाळी मी तिच्या दगडावर जाऊन बसतो. भाजी निवडायला मला येत नाही, नुसता बसतो. तिथे बसलं की समजतं, ती इथेच का बसायची. पायऱ्या उतरणारं माणूस इथून आधी दिसतं, पाणी मागाहून. परवा एक बेळगावकडची बाई आली, पोटुशी होती, कळशी कमरेवर. मी म्हटलं, "हे पाणी नको बाय. माझ्या दारात नळ आहे, तिथे चल." ती थांबली. भली बाई, हळू बोलली, "आजोबा, तुमच्या एका नळावर किती जणी येणार?" तिच्या मागून नव्या पायऱ्यांवरून आणखी बायका उतरत होत्या, कळश्या, डबे, बादल्या घेऊन. वर सड्यावर पाऊस लागला होता. मी उठून उभा राहिलो, आडवा. त्या एकेक करून मला वळसा घालून खाली गेल्या...