दोन डाव्या बाह्या

शर्टांच्या कारखान्यात सगळे तिला आत्या म्हणत. तशी ती कुणाचीच आत्या नव्हती. शिलाईच्या लाइनची सुपरवायझर होती, आणि तिची जीभ बघता दुसरं कुठलं नातं तिला शोभलंही नसतं. पोरवयात बटणं लावायला आली, मग काजं, मग कफ, असं करत करत खुर्चीवर पोचली. खुर्ची आपली नावाला. दिवसभर ती मशीनांच्या रांगेतून फिरायची आणि ओरडायची, "अगं टाका बघ, टाका! मुंग्या चालल्यात का कापडावर?"

हल्ली मात्र तिचं ओरडणंही कुणाला टोचेनासं झालं होतं. माणसं यायची, मान खाली घालून शिवायची, घंटा झाली की चपला शोधायची. एकेक करून चांगल्या बायका काम सोडून गेल्या. मॅनेजरसाहेबांनी उपाय केले, नाही असं नाही. भिंतीवर 'महिन्याची मानकरी' म्हणून फोटो लावला. बाहेरून एक हसरे पाहुणे आणले, त्यांनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! दुसऱ्याच दिवशी मानकरीणबाई राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या.

"आत्या, आता आणखी एक जरी गेली, तरी ही लाइन बंद," साहेब म्हणाले. "काम बाहेर देऊन टाकू."

या लाइनीवर आत्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि उरलेलं निम्मं तिने झोपून काढलं होतं.

नेमकी त्याच दुपारी डावी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. डावी म्हणजे डाव्या बाहीवाली. आली तेव्हापासून ती शर्टाची डावी बाहीच शिवत होती. पलीकडच्या मशीनवर उजवी बसायची. दोघींची तोंडं दोन दिशांना, बोलणं नाही.

"आत्या, सोमवारपासून मी येणार नाही."

"का गं? मी काही बोलले का?"

"तुम्ही रोजच बोलता. त्याचं काही नाही." डावी बोटाला चिकटलेला दोरा काढत राहिली. "माझे बाबा अख्ख्या गल्लीला सांगत सुटतात, माझी लेक शर्ट बनवते. लाज वाटते हो मला. मी जन्मात एक शर्ट बनवलेला नाही. बाही शिवते, तीही डावी."

आत्याने रांगेवरून नजर फिरवली. कॉलरवाली, खिसेवाली, काजवाला. पुरता शर्ट यांच्यापैकी कुणीच बनवलेला नव्हता. आणि आपण तरी कधी बनवला? तिचं तिलाच वाईट वाटलं.

"शनिवार होऊ दे, मग ठरव," ती डावीला म्हणाली आणि तडक साहेबांकडे गेली. तिचं मागणं एकच: शनिवारी दुपारी डागी कापडातून प्रत्येकाने घरच्या माणसासाठी एक अख्खा शर्ट शिवायचा.

"आणि ऑर्डर कोण पुरी करणार?"

"साहेब, टाळ्यांना अर्धा दिवस दिलात. शर्टांच्या कारखान्यात शर्टाला द्यायला काय हरकत आहे?"

साहेबांनी नाक मुरडलं, पण हो म्हणाले.

शनिवारी नुसता गोंधळ! कॉलरवालीला खिसा जमेना, काजवाल्याला कापड कुठून कापायचं कळेना. ज्याला त्याला उठून दुसऱ्याच्या मशीनपाशी जावं लागलं. "अहो, जरा दाखवता का?" हे वाक्य त्या खोलीत पहिल्यांदाच ऐकू येत होतं. आत्या स्वतः कॉलरशी झटत होती आणि स्वतःवरच ओरडत होती.

डावीने कॉलर, खिसा विचारून विचारून जमवला; बाह्या मात्र मान वर न करता लावल्या आणि शर्ट झटकून उभा धरला. उजवी ओरडली, "अगं बाई! दोन्ही डाव्या!"

खरंच की. हाताला सवय डावीची, तिने दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या. हशा असा उसळला की मशीनं थांबली. डावीचा चेहरा पडला. आत्या पुढे होणार, तेवढ्यात डावीच फिस्सकन हसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली.

"उजव्या बाजूची उसव," उजवी शेजारी येऊन बसली. "उजवी कशी कापायची ते मी दाखवते. शिवायची मात्र तूच."

गलका ऐकून साहेब आले. आत्याने त्यांच्या हातात सुई दिली, "लावा एक बटण." साहेबांनी बोट टोचून घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, "साहेबांसाठी टाळ्या!" आणि या वेळी त्या मनापासून वाजल्या.

सोमवारी घंटा झाली, तरी डावीचं मशीन रिकामं. आत्या दारातच उभी. साहेबही काचेआडून बघत होते. एवढ्यात डावी धापा टाकत आली.

"आलीस गं बाई!" आत्या दारातून बाजूला झाली. "शर्ट बघून बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. घातला आणि म्हणाले, छान बसलाय. मी म्हटलं, बाबा, मी शिवलाय. तर म्हणतात, त्यात काय नवल? तू तर रोजच शिवतेस!"

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो." डावीने पिशवी खुंटीला अडकवली. "आत्या, मला कॉलरवर कधी बसवता?"