मेहुण्याची फेरचाचणी

माझ्या मेहुण्याइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या कागल तालुक्यात झाला नाही, आणि त्यानं केलेलं नुकसान पाहता पुन्हा होऊही नये. खरं बोलावं असं शाळेत शिकवतात, कारण शिकवणाऱ्या गुरुजींना असला मेहुणा नसतो. एकदा मी तब्येतीचं कारण सांगून रजा काढली आणि मुरगूडला सासुरवाडीत कुस्त्या बघून आलो. पुढच्याच आठवड्यात हा कोल्हापूरला शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात टपकला. साहेबांनी आपुलकीनं विचारलं, "आता बरे आहेत ना तुमचे दाजी?" तर हा म्हणाला, "त्यास्नी काय झालंय? कुस्त्या बघाय आलतं की आमच्याकडं." भावकीतल्या एका म्हाताऱ्याच्या दिवसकार्याला लोक "देवमाणूस गेला" म्हणून डोळे पुसत होते, तेव्हा यानं भर घातली, "माणूस चांगला हुता, पर दरसाल आमचा बांध कोरायचा." त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो तर मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणं व्यसनाचं विचारलं. "व्यसन न्हाय, पर राग लई येतो आणि सकाळी उठवत न्हाय," हा म्हणाला. "कळवतो पावणं," असं म्हणून ते उठले. अजून कळवताहेत.

अशा माणसाच्या आयुष्यात एकच खोटं होतं आणि ते म्हशीचं होतं. माझे सासरे, ज्यांना तो अण्णा म्हणतो आणि मी मामा, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले आणि त्याच महिन्यात गोठ्यातली म्हैस पान लागून, म्हणजे साप चावून, मेली. रेडकू होती तेव्हापासून मामांनी तिला पोरीसारखी वाढवलेली. मनाला धक्का बसेल असं काही त्यांच्या कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामांनी जड जिभेनं विचारलं, "म्हस बरी हाय न्हवं?" आणि हा "व्हय" म्हणून बसला. मग सुटका कसली. रोज मामा विचारायचे, रोज हा सांगायचा आणि तेवढा वेळ सासूबाई स्वयंपाकघरात निघून जायच्या. दूध शेजारून यायचं. त्या मेलेल्या म्हशीला यानं यथावकाश गाभण ठरवली, व्यायला लावली, आणि रेडी झाली म्हणून शेजारच्या चिकाचा खरवस मामांना आपल्या हातानं भरवला. जन्मात खोटं न बोललेला माणूस बोलायला लागला की किती नेटकं बोलतो, ते मी तेव्हा पाहिलं.

पुढं दिल्लीच्या कुठल्याशा खात्याची परीक्षा तो पास झाला. त्या खात्याचं नाव कुणाला सांगायचं नाही अशी अट होती. ती त्यानं इमानानं पाळली, फक्त "नाव सांगायचं न्हाय असं त्यांनी बजावलंय" एवढं साऱ्या मुरगूडला सांगितलं. लेखी झाली, पळणं झालं, मुलाखत झाली. शेवटी पुण्याला पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायच्या यंत्राची चाचणी होती. आम्ही तर पेढेच आणून ठेवले, कारण याला अडकवणारं यंत्र अजून जन्माला यायचं होतं असा आमचा समज. छातीला पट्टा आणि बोटांना तारा लावून त्याला विचारलं, "घरच्या माणसांशी खोटं बोलता का?" तो "नाही" म्हणाला आणि यंत्रानं तिथंच त्याची मान धरली. एकदा फेरचाचणी देता येईल, त्यानंतर नाही, असं खात्यानं कळवलं. वयाची मर्यादाही संपत आली होती.

"अरे, व्हय म्हणायचं. म्हशीचं सांगून मोकळं व्हायचं," मी म्हणालो.

"व्हय म्हटलं की काय खोटं ते लिवून घेत्यात, दाजी. मग खात्री कराय माणूस घरी येतोय. त्यो अण्णांस्नीच इचारणार की."

खरं सांगावं तर मामांना कळणार, लपवावं तर यंत्र पकडणार. बायकोनं भावाला सुचवलं, तूच अण्णांना हळूहळू सांग. मलाही ते पटलं. एका दुपारी त्यानं धीर केला आणि खाटेजवळ बसून म्हणाला, "अण्णा, म्हशीचं जरा सांगायचं हुतं."

मामांनी चालत्या हातानं त्याचं मनगट पकडलं. "वैरण कमी पडतीया का? माझं औषीद एक दिसाआड करा, पर तिला उपाशी ठेवू नगासा."

"वैरण लई हाय, अण्णा," तो म्हणाला आणि बाहेर येऊन रिकाम्या गोठ्यात जाऊन बसला.

फेरचाचणीच्या आदल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट पिशवीत घालून आमच्याकडं आला. चहा घेऊन आम्ही दोघं स्टँडवर गेलो. पुण्याची गाडी लागली, भरली आणि सुटली, तरी हा बाकावरून हलला नाही. चल म्हणायला मला तोंड नव्हतं आणि जाऊ नको म्हणायलाही. मुरगूडची गाडी लागली तेव्हा तो उठला. पायरीवर एक पाय ठेवून वळला.

"मला ती नोकरी लई पायजे हुती, दाजी," तो म्हणाला आणि आत गेला.

गाडी सुटली. मला फार वाईट वाटत होतं. दुसरी मिळेल रे याहून चांगली, असं काहीतरी म्हणायला हवं होतं. पण खोटं बोलून त्याची समजूत घालणं मला कधी जमलंच नाही.